एक नांव, दोन रस्ते

जुनीं नाणीं, जुनीं हस्तलिखितें, आजीच्या पैठण्या आणि पणजोबांचीं तांब्यापितळेचीं भांडीं जपून ठेवणारीं घराणीं आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु जुन्या मोटारी जपणारा गृहस्थ आपल्या समाजास अद्याप थोडा छांदिष्टच वाटतो. मोटार हें वाहन आहे, आणि वाहन झिजलें कीं तें मोडींत घालावें, असा आपला सरळ हिशेब. युरोपांत व अमेरिकेंत मात्र गेल्या पन्नास वर्षांत या छंदास एका शास्त्राचें, आणि खरें सांगावयाचें तर एका मोठ्या व्यापाराचेंही, स्वरूप आलें आहे. तेथील संग्राहकांत, विशेषतः १९५० ते १९७५ या काळांतील वेगवान गाड्यांच्या संग्राहकांत, दोन तट आहेत. एक तट इटलीच्या गाड्यांचा अभिमानी, दुसरा अमेरिकेच्या. पहिल्याच्या मतें अमेरिकन गाडी म्हणजे नुसतें आडदांड बळ. दुसऱ्याच्या मतें इटालियन गाडी म्हणजे नाजूक प्रकृतीची राजकन्या, जिच्या औषधपाण्यांतच धन्याचा जन्म जावयाचा.

हा वाद आम्हीं अनेकदां ऐकला व वाचला आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोन्ही पक्ष मुख्य मुद्दा सोडून बोलतात, असें आम्हांस वाटतें. गाडी ही दिव्यांच्या झगमगाटांत, गालिच्यावर उभी करून पाहावयाची वस्तु नव्हे. ती एका विशिष्ट रस्त्यासाठीं, एका विशिष्ट गांवच्या लोकांनीं घडविलेली असते. तो रस्ता व तें गांव पाहिल्यावांचून तिचा स्वभाव उमगत नाहीं. म्हणून वाचकांस आज आम्ही दोन रस्त्यांवर नेणार आहों. पहिला इटलींतील मोडेना शहरावरून जातो. दुसरा अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांतून निघतो. आणि योगायोग असा कीं, या दोन्ही रस्त्यांच्या काठीं दोन वर्षांच्या अंतरानें एकाच नांवाची गाडी जन्मास आली. तें नांव ‘जी. टी. ओ.’

प्रथम इटलीकडे वळूं. इ. स. पूर्वी १८७ मध्यें मार्कस एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सलनें समुद्रकांठच्या रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत एक सरळ रस्ता बांधविला. त्याच्याच नांवावरून त्या रस्त्यास व्हिया एमिलिया आणि त्या प्रांतास एमिलिया असें म्हणतात. बावीसशें वर्षांनंतरही तो वाहता आहे. बोलोन्याहून मोडेनास आगगाडीनें जेमतेम अर्धा तास लागतो. उत्तरेस पो नदीचें सपाट, काळ्या मातीचें मैदान, द्राक्षांचे मळे. दक्षिणेस अपेनाइन पर्वताच्या निळसर रांगा. गांवाच्या मध्यभागीं जुनें देवालय आणि त्याचा घिर्लांदिना नांवाचा उंच पांढरा मनोरा. सायकलींवरून बाजारहाट करणाऱ्या बायका, कमानींच्या सावलींत गप्पा मारणारे म्हातारे. पाहणारास हें वेगाचें गांव आहे, असें स्वप्नांतही वाटूं नये.

या गांवची खरी ओळख आम्हांस एका वेगळ्याच वस्तूंत पटली. येथील घरांच्या माळ्यांवर लांकडी पिंपांच्या ओळी असतात आणि त्यांत द्राक्षांच्या रसाचा काळा, दाट शिर्का मुरत असतो. पिंपें क्रमानें लहान होत जातात; प्रत्येकाचें लांकूड निराळें. कमींत कमी बारा वर्षें मुरल्यावांचून त्यास परंपरेचें नांव मिळत नाहीं. पंचवीस वर्षांचा तो अतिजुना. आजोबांनीं भरावा आणि नातवानें चाखावा, असा हा व्यवहार! आपल्या घरांतील मुरलेल्या लोणच्याची बरणी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें गांव समजावयास वेळ लागणार नाहीं. थोडें करावें, हातानें करावें, सावकाश करावें आणि त्यावर घराण्याचें नांव घालावें, ही येथील रीत. मोटारींसही त्यांनीं तीच रीत लाविली.

एन्झो फेरारीचा जन्म याच गांवीं १८९८ मध्यें झाला. बापाचा धातुकामाचा लहानसा कारखाना होता. पहिल्या महायुद्धांत या तरुणाच्या वांट्यास सैन्याच्या खेचरांना नाल ठोकण्याचें काम आलें. युद्धानंतर तुरिनच्या फियाट कंपनीनें त्यास नोकरी नाकारली. पुढें तो आल्फा रोमिओच्या गाड्या शर्यतींत हांकूं लागला आणि १९२९ मध्यें त्यानें मोडेनांत स्वतःचें शर्यतपथक काढलें. त्याच्या गाडीवरील उधळलेला काळा घोडा हें पहिल्या महायुद्धांत पडलेल्या फ्रान्सेस्को बाराक्का या इटालियन वैमानिकाचें चिन्ह. तें त्या वीराच्या आईनें फेरारीस सुचविलें. घोड्यामागचा पिंवळा रंग मात्र मोडेना गांवचा. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ मध्यें, कारखाना दक्षिणेस दहा-अकरा मैलांवरील मारानेल्लो खेड्यांत हलविला गेला. पुढच्याच वर्षीं त्यावर बाँब पडले. तो पुन्हां उभा राहिला आणि मार्च १९४७ मध्यें फेरारीच्या नांवाची पहिली गाडी त्या दारांतून बाहेर पडली. तिचें एंजिन अवघ्या दीड लिटरचें, पण सिलिंडर बारा!

दीड लिटरांत बारा सिलिंडर कशाला, असें कोणी विचारील. याचें उत्तर त्या भूमींत आहे. इटलींत पेट्रोल महाग आणि मोटारीवरील कर एंजिनाच्या आकारमानावर बसे. एंजिन मोठें करणें म्हणजे कराच्या जाळ्यांत पाय घालणें. त्यांत अपेनाइनचे घाट म्हणजे वळणांमागून वळणें. तेथें जड गाडीचा निभाव लागत नाहीं. म्हणून लहान एंजिन, हलका सांगाडा आणि मिनिटास हजारों फेरे घेणारीं बारीक बारीक अंगें, हा मार्ग तेथील कारागिरांनीं धरला. शर्यतीचा वेडा हा देश गल्लीबोळांतूनच शर्यती लावी. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येणारी हजार मैलांची ‘मिल्ले मिलिया’ १९२७ पासून सार्वजनिक रस्त्यांवर होई. १९५७ च्या मे महिन्यांत ग्विदिझोलो गांवापाशीं एका फेरारीचा टायर फुटला. हांकणारा, त्याचा सोबती आणि रस्त्याच्या कडेस उभे राहिलेले नऊ प्रेक्षक प्राणांस मुकले. त्या नवांत पांच मुलें होतीं. ती शर्यत तेव्हांच बंद झाली. एन्झो फेरारीवर खटला चालला आणि १९६१ मध्यें तो निर्दोष सुटला. पण या गाड्यांच्या सौंदर्याची स्तुति करतांना त्या पांच मुलांचा विसर पडूं देऊं नये, असें आम्हांस वाटतें.

अशा या परंपरेंतून १९६२ मध्यें ‘२५० जी. टी. ओ.’ निघाली. ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो’ या तीन शब्दांचीं हीं आद्याक्षरें. अर्थ असा कीं, शर्यतीसाठीं अधिकृत मान्यता मिळालेली, लांबच्या प्रवासाची वेगवान गाडी. मान्यतेच्या नियमाप्रमाणें अशा शंभर गाड्या व्हावयास हव्या होत्या. फेरारीनें ही जुन्याच गाडीची सुधारलेली आवृत्ति आहे, असें प्रतिपादन करून मान्यता पदरांत पाडून घेतली आणि १९६४ पर्यंत एकंदर छत्तीसच गाड्या केल्या. तीन लिटरांचें बारा सिलिंडरांचें एंजिन, सुमारें तीनशें अश्वशक्ति, आणि वजन एक टनाहून कमी. तिचें अंग मोडेनांतील सेर्जिओ स्काल्येत्ती यांच्या कारखान्यांत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें होई. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून, हातोडीनें ठोकठोकून, नजरेच्या अंदाजानें तो वळवीत. त्यामुळें एका गाडीचा दरवाजा दुसरीस नेमका बसेलच, अशी खात्री नाहीं. अमेरिकेंत तिची किंमत सुमारें अठरा हजार डॉलर होती आणि ती घेणारा गृहस्थ योग्य आहे कीं नाहीं, हें स्वतः फेरारी ठरवी. आपल्याकडे मुलगी देतांना स्थळ पाहतात, तसाच हा प्रकार!

आतां समुद्र ओलांडून दुसऱ्या रस्त्याकडे वळूं. डेट्रॉइट गांव १८०५ मध्यें जळून खाक झालें. ऑगस्टस वुडवर्ड नांवाच्या न्यायाधीशानें त्याचा नवा नकाशा आंखला आणि त्यांतील मुख्य रस्त्यास त्याचेंच नांव मिळालें. नदीपासून निघून वायव्येस पाँटियाक शहरापर्यंत जाणारा हा वुडवर्ड मार्ग सुमारें सत्तावीस मैल लांब आहे. त्याचा पुष्कळसा भाग मूळच्या आदिवासींच्या पायवाटेवर बांधलेला आहे, आणि पाँटियाक हें नांवही १७६३ मध्यें इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ओटावा जमातीच्या एका सरदाराचें आहे. याच मार्गावर १९०९ मध्यें एक मैल लांबीचा काँक्रीटचा रस्ता झाला. त्या देशांतील तो अशा तऱ्हेचा पहिलाच मानतात. एमिलियाच्या रस्त्यावर चालतांना कमानीखालच्या सावलीचें सुख आठवत राहतें. वुडवर्डवर मात्र पायीं चालणारा मनुष्य चुकून आल्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंस चार चार ओळींनीं गाड्या धांवतात, मध्यें हिरवळीचा पट्टा, आणि रस्ता जाई तिकडे सरळ जातो.

याच रस्त्यावर हायलंड पार्क येथें हेन्री फोर्डचा कारखाना होता. १९१३ मध्यें तेथें फिरत्या पट्ट्यावर गाडी जोडण्याची रीत सुरू झाली. कामगारानें गाडीकडे जाण्याऐवजीं गाडीच कामगारापुढें येऊं लागली, आणि एका सांगाड्याच्या जोडणीस पूर्वी जे बारा तासांहून अधिक लागत, ते सुमारें दीड तासावर आले. पुढच्या वर्षीं दिवसाला पांच डॉलर मजुरी जाहीर झाली. गाडी करणारानें गाडी विकतही घ्यावी, ही ती कल्पना. मोडेनांत गिऱ्हाइकाची पारख होई. डेट्रॉइटमध्यें गिऱ्हाईक हाच मालक, आणि तो एक नव्हे, लक्षावधि.

वुडवर्डच्या दुसऱ्या टोंकास पाँटियाक शहरीं जनरल मोटर्सची पाँटियाक शाखा होती. जानेवारी १९६३ मध्यें वरिष्ठांनीं कंपनीच्या सर्व शाखांस शर्यतींत भाग घेण्याची मनाई केली. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांहून मोठें एंजिन घालूं नये, असाही दंडक होता. जॉन डेलोरियन व त्याचे सहकारी एंजिनियर यांनीं एक युक्ति काढली. टेंपेस्ट नांवाच्या मध्यम गाडींत मोठ्या गाडीचें ३८९ घन इंचांचें, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरांचें, एंजिन बसत होतें. नवी गाडी काढली तर मनाई; म्हणून त्यांनीं ती ‘गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणें जादा साहित्य’ म्हणून विकावयास काढली! तीनशें डॉलरांच्या आंतबाहेर अधिक रक्कम दिली कीं, साध्या गाडीची ३२५ अश्वशक्तीची वाघीण होई. आणि या साहित्यास नांव दिलें तें मारानेल्लोचें: जी. टी. ओ. तिला शर्यतीची मान्यता नव्हती, ती कोणी मागितलीही नव्हती. इटलीच्या अभिमान्यांना हें अर्थातच चोरीसारखें वाटलें.

कंपनीच्या श्रेष्ठींनीं पांच हजारांपुरती परवानगी दिली होती. १९६४ या पहिल्याच वर्षीं बत्तीस हजार चारशें पन्नास गाड्या खपल्या. एकीकडे छत्तीस आणि दुसरीकडे बत्तीस हजार. एका नांवाच्या दोन गाड्यांतील अंतर या दोन आंकड्यांत आलें. मार्च १९६४ मध्यें अमेरिकेंतील एका मोटारविषयक मासिकानें दोन्ही जी. टी. ओ. ची तुलना छापली आणि पाँटियाकची कीर्ति देशभर झाली. पण ज्या गाडीची चांचणी झाली, तिच्यांत ठरलेल्या एंजिनाच्या जागीं त्याहूनही मोठें एंजिन गुपचुप बसविलेलें होतें, हें पाँटियाकची जाहिरात पाहणाऱ्या गृहस्थानेंच पुष्कळ वर्षांनीं उघड केलें.

त्या काळीं वुडवर्डवर रात्रीं मोठी गर्दी होई. गाडींत बसल्या बसल्या जेवण मिळण्याचीं खाद्यगृहें, त्यांच्या आवारांत कारखान्यांतील कामगारांचीं व एंजिनियरांचीं मुलें, आणि एका तांबड्या दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंतच्या चोरट्या शर्यती. कारखान्यांतील एंजिनियरही आपल्या अप्रसिद्ध गाड्या घेऊन रात्रीं तेथें येत. दिवा हिरवा झाला कीं पाव मैलांत जो पुढें, तो शहाणा! येथें वळण नाहीं, घाट नाहीं. पेट्रोल स्वस्त, रस्ता सरळ. तेव्हां मोठें, साधें, आठ सिलिंडरांचें एंजिन घालणें हेंच येथें शहाणपण होतें. इटालियन एंजिनाचें बळ मिनिटास सात हजार फेऱ्यांच्या पुढें कळसास पोंचे. पाँटियाकचें पांच हजारांच्या आंतच पोंचून पाठीस एकदम धक्का देई. मात्र वजन इटालियन गाडीच्या दीडपटीहून अधिक आणि चारही चाकांस जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक. धांवण्याइतकाच थांबण्याचा विचार झालेला नव्हता, ही टीका रास्त आहे.

असें असलें तरी या दोन रस्त्यांना एकमेकांचें वारें लागलें नाहीं, असें कोणी समजूं नये. १९६३ मध्यें दुसऱ्या हेन्री फोर्डनें फेरारीचा कारखानाच विकत घेण्याचा घाट घातला. शर्यतीचा अधिकार कोणाकडे राहावा, यावरून बोलणें फिसकटलें. १९६० पासून १९६५ पर्यंत फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत ओळीनें सहा वर्षें फेरारीनें जिंकली होती. १९६६ मध्यें सात लिटरांच्या फोर्ड गाड्या तेथें पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या आल्या. टेक्ससच्या कॅरोल शेल्बीनें फोर्डचें एंजिन घालून ‘डेटोना कूपे’ नांवाच्या सहा गाड्या फेरारीस हरविण्यासाठींच केल्या आणि १९६५ चें जागतिक विजेतेपद अमेरिकेस मिळवून दिलें. पण त्या सहांपैकीं पांच गाड्यांचे पत्रे कोठें ठोकले गेले, ठाऊक आहे? मोडेनांत! फेरारीस हरविणारी हातोडी फेरारीच्याच गांवची होती. पुढें १९७१ मध्यें मोडेनाच्या दे तोमासो कंपनीची ‘पान्तेरा’ निघाली. तिचें अंग इटलीचें आणि एंजिन फोर्डचें. शुद्धतेचे कट्टे अभिमानी अशा गाड्यांकडे नाक मुरडतात. आम्हांस मात्र त्यांत दोन कुळांचा बरा जमलेला संबंध दिसतो.

आतां संग्राहकांच्या व्यवहाराकडे पाहूं. अमोलपणा ही वस्तूच्या जन्माबरोबर येणारी गोष्ट नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत जुनी शर्यतीची गाडी म्हणजे निकामी हत्यार होतें. एक २५० जी. टी. ओ. टेक्ससमधील व्हिक्टोरिया गांवच्या एका शाळेस देणगी म्हणून मिळाली आणि तेथें मुलांना मोटारदुरुस्ती शिकविण्यासाठीं वापरली गेली. १९७२ मध्यें ती सहा-साडेसहा हजार डॉलरांस विकली गेली आणि पुढें वर्षानुवर्षें उघड्या शेतांत पडून राहिली. त्याच जातीची एक गाडी २०१८ मध्यें लिलांवांत चार कोटि चौऱ्यांशी लक्ष डॉलरांस, आणि दुसरी एक २०२३ मध्यें पांच कोटि सतरा लक्ष डॉलरांस गेली. २०१९ मध्यें बोलोन्याच्या न्यायालयानें या गाडीच्या आकृतीस कलाकृति म्हणून संरक्षणही दिलें.

अमेरिकन गाड्यांत अशा किंमती नाहींत; तेथें किंमत येते ती वेगळ्या वाटेनें. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटांत स्टीव्ह मॅक्‌क्वीन यानें हांकलेली फोर्ड मस्टँग १९७४ मध्यें एका गृहस्थानें सहा हजार डॉलरांस घेतली. त्याची पत्नी शिक्षिका होती. ती त्याच गाडींतून शाळेंत जाई. १९७७ मध्यें स्वतः मॅक्‌क्वीननें गाडी परत मागणारें पत्र पाठविलें, तरी त्या कुटुंबानें ती दिली नाहीं. बापामागें मुलाकडे आलेली ती गाडी रंग न देतां, पोंचे न काढतां, होती तशीच २०२० मध्यें लिलांवांत सदतीस लक्ष चाळीस हजार डॉलरांस गेली. मस्टँग ही दहा लक्षांवर झालेली, कोणाच्याही दारीं दिसणारी गाडी. पण त्या एका गाडीस एका घराण्याचा इतिहास चिकटला होता.

येथेंच दोन्ही संग्रहांतील खरा भेद आहे. इटालियन गाडी घेणारा मुख्यतः करणाराचा हात विकत घेतो: कोणी ठोकली, कोणत्या शर्यतींत धांवली, कोणी हांकली. अमेरिकन गाडी घेणारा मुख्यतः घेणाराचें तारुण्य विकत घेतो: ती कोणत्या गांवीं विकली गेली, तिच्यावर कोणकोणतें जादा साहित्य मागविलें होतें, आणि त्या वेळीं आपण किती वर्षांचे होतों. म्हणून दोघांची पारखही वेगळी. फेरारींत सांगाडा, एंजिन व पत्रा हीं मूळचींच आहेत कीं अपघातानंतर बदललीं, याचा शोध घ्यावा लागतो. पाँटियाकमध्यें गोष्ट आणखी गमतीची. पहिल्या दोन वर्षांत जी. टी. ओ. हें केवळ जादा साहित्य असल्यामुळें गाडीच्या क्रमांकावरून ती खरी कीं साधी, हें कळतच नाहीं. १९६६ मध्यें ती स्वतंत्र गाडी झाल्यावरच क्रमांकांत खूण आली. त्यामुळें साध्या टेंपेस्टवर अक्षरें चिकटवून तिला जी. टी. ओ. म्हणविणारे पुष्कळ. कारखान्याच्या जुन्या बिलाची नक्कल हाच तेथें जन्माचा दाखला. गाडीपेक्षां कागद अधिक जपावा, असें तेथील जाणते सांगतात, तें याचसाठीं.

संभाळण्याच्या बाबतींत अमेरिकन गाडी गरीब स्वभावाची. तिचे भाग आजही नव्यानें तयार होतात, आणि हाताला काळें लागण्याची लाज नसलेला कोणताही गृहस्थ रविवारच्या दिवशीं घरच्या आवारांत तिची दुरुस्ती करूं शकतो. बारा सिलिंडरांच्या इटालियन एंजिनास जाणता वैद्य लागतो आणि त्याची दक्षिणाही राजवैद्याची. थोड्या पैशांत, मुलाबाळांना बरोबर घेऊन, स्वतः काम शिकत छंद करावयाचा असेल, तर आम्ही निःसंशय अमेरिकेच्या बाजूचे. पण मनुष्याच्या हातानें पत्र्यांत प्राण कसा ओतला जातो, हें पाहावयाचें असेल, तर एकदां तरी मोडेनास जाऊन त्या वळणांवरून हात फिरविल्याशिवाय डोळे मिटूं नयेत.

मात्र दोन्ही पक्षांस लागलेल्या एका रोगाविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. किंमती वाढल्या तशा गाड्या रस्त्यावरून नाहींशा होऊं लागल्या. थंडगार, कुलुपबंद कोठारांत, एक मैलही न धांवतां, त्या हातोहात विकल्या जातात. पाँटियाक शहरीं वुडवर्डच्या काठींच जनरल मोटर्सच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर आतां धनिकांच्या गाड्यांसाठीं खासगी कोठारें आणि धांवपट्टी झाली आहे. पाँटियाक हें गाडीचें नांव २०१० मध्यें संपलें. २०१३ मध्यें डेट्रॉइट शहरानें दिवाळें काढलें. जेथें हजारों माणसें गाड्या करीत, तेथें थोडीं माणसें गाड्या ठेवतात, हें पाहून मन उदास होतें. मारानेल्लो आपले फेरारी अजून घडवीतच आहे. तेथील म्हाताऱ्या कारागिरास आपली विद्या द्यावयास शिष्य मिळतो. वुडवर्डच्या म्हाताऱ्याजवळ पुष्कळदां आठवणच तेवढी उरली आहे.

आणि तरीही त्या आठवणीनें जें केलें, तें मोडेनालाही शिकण्यासारखें आहे. १९९५ पासून दरवर्षीं ऑगस्ट महिन्यांत वुडवर्डवर जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. तिकीट नाहीं, गालिचा नाहीं, दोरीचें कुंपण नाहीं. रस्त्याच्या कडेस घडीच्या खुर्च्या टाकून तीन तीन पिढ्या बसतात. कोणाच्या आजोबांनीं त्याच गाडीचे स्क्रू पिळलेले असतात. गाड्या सावकाश जातात, कारण गर्दींत वेग शक्यच नाहीं! इटलींतही १९७७ पासून मिल्ले मिलिया पुन्हां निघते. पण तींत आतां वेगाची चढाओढ नाहीं, ठराविक वेळेंत जुनी गाडी सुखरूप पोंचविण्याचें कौशल्य आहे. ग्विदिझोलोच्या त्या मुलांना वाहिलेली याहून उचित श्रद्धांजलि आम्हांस सुचत नाहीं.

हा विषय आपल्याला अगदींच परका आहे, असेंही नाहीं. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत, वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें काढलेल्या प्रीमियर कंपनीनें, प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर घराण्याच्या गाड्या जोडल्या आणि पुढें इटलीच्या फियाटचा हात धरला. ती फियाट म्हणजेच पुढची ‘पद्मिनी’. तिच्या काळ्यापिंवळ्या टॅक्सींतून आपल्यापैकीं किती जण लग्नाच्या वऱ्हाडास, सूतिकागृहास आणि स्टेशनावर गेले असतील! २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्या वेगवान नव्हत्या, हें खरें. पण ज्याच्या घरच्या आवारांत अशी एखादी गाडी ताडपत्रीखालीं उभी असेल, त्यानें ती भंगारवाल्यास देण्यापूर्वीं थोडा विचार करावा. तिचे कागद शोधून एका पाकिटांत घालावे. घरांतील वडील मंडळींस ती कधीं, कोणाकडून, किती रुपयांस घेतली, हें विचारून लिहून ठेवावें. मुलांस तिचें बोनेट उघडून एंजिन दाखवावें. आणि महिन्यांतून एकदां तरी ती सुरू करून गल्लीच्या टोंकापर्यंत न्यावी.

कारण इटली कीं अमेरिका, छत्तीस कीं बत्तीस हजार, हा प्रश्न अखेर ज्याच्या त्याच्या खिशाचा व आवडीचा आहे. गाडी जपणारानें मात्र एवढें ओळखावें कीं, आपण पत्र्याचे व लोखंडाचे मालक असलों, तरी ज्या हातांनीं ती घडली आणि ज्या रस्त्यावर ती धांवली, त्यांचे आपण केवळ विश्वस्त आहों. आणि विश्वस्तानें ठेव कुलुपांत सडूं देऊं नये.